मामाची गरमी

दिल्या, चहा नंतर सांग. आधी बस इथं आणि ऐक. आत्ता तुमसरहून येऊन राहिलो, पॅसेंजरमध्ये उभ्यानं. अंगात कालच्या लग्नाचाच शर्ट आहे, बघ. काल तिथं जे झालं ना, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज ऑफिसात बसता येणार नाही.

पण ते एकदम नाही सांगता येत बे. घरात सगळे धडधाकट असले की वर्ष-वर्ष सांगण्यासारखं काही घडत नाही. एक जण आजारी पडला की किस्सेच किस्से. मी दर महिन्याला तुमसरला जातो, आणि दर महिन्याला एक तरी घेऊन परत येतो. आधी आधी मला हसू यायचं. तुलाही येईल. हस, मी काही म्हणणार नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. राइस मिलमध्ये मुकादम. पंचवीस-तीस हमाल हाताखाली, आणि आवाज असा की मिल सुरू असतानाही गेटवर ऐकू यावा. घरी मामी आणि एकच पोरगी, सुमन. दोन वर्षांपूर्वी मामाची लघवी अडली, म्हणून त्याला इथं नागपूरला आणला. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला.

*

डॉक्टर मोठा सरळ माणूस. म्हणाला, लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक ग्रंथी असते, ती पुरुषाच्या हार्मोनवर जगते. ते हार्मोन बंद केलं की कॅन्सर झोपतो. रस्ते दोन. एक तर ऑपरेशन करून खालच्या दोन्ही गोळ्या काढून टाकायच्या, नाहीतर बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या खायच्या, रोज, जन्मभर. "गोळ्या काढा, नाहीतर गोळ्या घ्या," असं म्हणून स्वतःच हसला.

मामानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, तिसरं काई?"

"आहे ना. काहीच करू नका. वर्षभरात आपोआप मोकळे व्हाल."

मामानं खायच्या गोळ्या घेतल्या.

मग डॉक्टरनं मला इंग्रजीत लिस्ट सांगितली. छाती वाढेल, दुखेल. दाढी कमी होईल. पाय सुजतील. मन हळवं होईल. आणि मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखं होईल, चेहरा लाल, घामाघूम. मी एकेक मराठीत करून मामाला सांगत गेलो. त्या वाफेला मला शब्दच सापडेना. मे महिना होता, ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द. मी म्हटलं, "मामा, गरमी होईल."

लक्षात ठेव, शब्द मी दिला.

*

पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपल्या तेव्हा मामा स्वतःच चिठ्ठी घेऊन बाजारातल्या मेडिकलवर गेला. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि एकदम हळहळला. "अरेरे. घरी कोनाचं लेकरू गेलं, मुकादम?"

मामाला काही समजेना. दुकानदारानं समजावून सांगितलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. एखादीचं लेकरू जन्मून दगावलं की तिचं दूध आटवायला देतात ह्या गोळ्या. दुसऱ्या कशाला देतात हे त्याला माहीतच नाही.

मामा घाबरून बोलून गेला, "सुनेचं."

"तुमाले पोरगा कुठं हाये? एक पोरगी हाये, तिचं तं अजून..." इतकं बोलून दुकानदार थांबला. मामा मला म्हणाला, "त्यानं तोंड मिटलं ना, तो आवाज आला मले."

मामानं काउंटरवरची चिठ्ठी उचलली आणि गोळ्या न घेता घरी आला.

तेव्हापासून गोळ्या मी इथून नेतो. डबीतून काढायच्या, खाकी कागदात बांधायच्या. कारण सुमन लग्नाची. ह्या घरात दूध आटवायच्या गोळ्या येतात असं एकदा कोणाच्या तोंडी आलं, की कोणी मामाच्या छातीकडं बघणार नाही बे, सगळे सुमनकडं बघतील. बरं, खरं सांगावं, तर कॅन्सर. कॅन्सर म्हटलं की त्या भागात लोक अंगणातूनच परत फिरतात, पाणीही पीत नाहीत. म्हणजे गोळी खाल्ली नाही तर मामा जाणार, आणि खाल्लेली कळली तर पोरगी घरात राहणार. दोन वर्षं त्या घरात दुसरा विषय नाही.

*

आता मिलचा किस्सा.

ही मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान हौदात भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं. बॉयलरजवळ बाराही महिने हमाल उघडे, कमरेला पंचा, खांद्यावर दुपट्टा. आणि त्यांच्यामध्ये आमचा मामा! आत घट्ट बंडी, वर सदरा, त्याच्यावर खाकी कोट. कारण छाती आली होती. चांगलीच आली होती. कोणाचं कोपर लागलं तरी डोळ्यांत पाणी. शेटजी जाता-येता विचारायचे, "मुकादम, थंडी वाजून राहिली काय?"

एके दिवशी ती वाफ आली. कानापर्यंत लाल झाला, घामानं कोट भिजला, धावत जाऊन त्यानं रांजणातला तांब्या डोक्यावर ओतला. जुना हमाल सोमा, पाठीवर पोतं घेऊन चालला होता, तो थांबला. काय झालं म्हणून विचारलं.

मामा म्हणाला, "काई नाई रे. गरमी झाली."

आता बघ. "गरमी होऊन राहिली" म्हटलं की उकाडा. "गरमी झाली" म्हटलं की ती बिमारी, जी माणूस बदनाम वस्तीतून घेऊन येतो. एवढाच फरक आहे, आणि मामा पाणी ओतण्याच्या घाईत होता.

सोमानं विचारलं, "कवा झाली?"

"तीन महिने झाले."

"डॉक्टर काय म्हनते?"

"म्हनते आता जलमभर राहीन."

"अन् वैनीले ठाऊक हाये?"

मामीचं वय पन्नासच्या आसपास, तिलाही त्याच वाफा सुरू होत्या. मामा बिचारा सरळपणानं म्हणाला, "तिलेबी हाये ना."

सोमानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. मिलमध्ये रस्त्यात पोतं खाली ठेवत नाही कोणी, परत उचलायला दोन माणसं लागतात.

दुसऱ्या दिवशीपासून मामाचा चहाचा गिलास वेगळा झाला. पण गंमत ऐक, मान वाढला! पोरं-सोरं हमाल एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायचे, आपला मुकादम छुपा रुस्तम निघाला. मामाला हे कळायला आठवडा गेला. मी गेलो तेव्हा म्हणाला, "लेका, तुह्या शब्दानं मारलं मले."

मी म्हटलं, मग सांगून टाकायचं ना, ती गरमी नाही म्हणून. गोळीनं होतं म्हणून.

"मंग विचारतीन, कोनती गोळी?"

*

न्हाव्यानं सांगितलं, मुकादम, वस्तरा घरून आणत जा. मामा आणायला लागला. तोपर्यंत दाढी यायची जवळजवळ बंद झाली होती, पण रविवार चुकवला तर लोक विचारतील, म्हणून जायचा. न्हावी साबण लावायचा, साबण काढायचा. मामा म्हणतो, "दीड वर्ष झालं, वस्तऱ्याले धार नाई लावली. असा वस्तरा कोनाच्या घरी नसन."

*

एकदा दुपारी गेलो तर दोघंही ओसरीवर. मामा भिंतीला टेकून लाल, मामी खांबाला टेकून लाल. दोघांच्या मध्ये एक सूप. मामी पाच वेळा मामाला वारा घालायची, मग मामा तेच सूप घेऊन पाच वेळा मामीला.

मामा विचारत होता, "तुही गेली का?"

"नाई. तुमची?"

"उतरून राहिली."

मला पाहून मामीनं पदर सावरला. म्हणाली, "भाऊ, तीस वर्षं ह्या मानसानं मले विचारलं नाई, तुले काय होते म्हनून. आता बरोबर समजते त्याइले."

मी हसलो. मामा नाही हसला. तो उठून आत गेला, आणि मामी त्या रिकाम्या जागेवर दोन वेळा सूप हलवत राहिली.

*

सुमनला बघायला लाखांदूरकडचे आले. पोरगा पंचायत समितीत क्लार्क, घरचं धान, माणसं बरी. पोराचा बाप म्हणाला, पोरगी पसंत आहे, आणि आमचा मामा ढसाढसा रडायला लागला. सगळ्यांच्या समोर. नाक पुसतो, परत रडतो. त्या लोकांना वाटलं काय माया आहे पोरीवर! पोराच्या आईनंही डोळ्याला पदर लावला.

मी मामाला पाणी प्यायच्या निमित्तानं मागं नेलं. म्हटलं, मामा, आवर आता. म्हणाला, "मी नाई रडून राहिलो बे, गोळी रडून राहिली."

*

साक्षगंध ठरलं आणि मामाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. भेट. आपल्याकडं दोन्ही व्याही छातीला छाती लावून भेटतात ना, सगळ्यांसमोर, ती. मामा म्हणे, कोट घातला तरी समजेल त्याला. छातीले छाती लागली की समजेलच.

मला काही बोलला नाही. मी गोळ्या नेल्या की म्हणायचा, आधीच्याच उरल्या आहेत, ठेवून दे. मला वाटलं, उरल्या असतील. मग एके दिवशी मामीनं कांडायला धान काढलं ढोलीतून, त्या मोठ्या बांबूच्या कोठीतून, आणि सुपात धानाबरोबर पांढऱ्या गोळ्या. महिनाभराच्या. तिनं त्या सगळ्या निवडल्या, खडे निवडतात तशा, पुसल्या, आणि मामाच्या ताटात भाताशेजारी वाढल्या.

छाती काही उतरली नाही. ती एकदा आली की जात नाही, असं डॉक्टरनं नंतर सांगितलं. पाठ मात्र धरली, गोळी नाही म्हणून झोपलेला कॅन्सर जागा झाला होता. साक्षगंधाच्या आधी आठ दिवस मामाला खाटेवरून उठवायला मी आणि मामी दोघं लागायचो, आणि तो ओरडू नये म्हणून दुपट्टा दातात धरायचा. गोळ्या परत सुरू केल्या.

साक्षगंधाला भेट झाली. व्याही आडदांड, त्यानं असा आवळला की मी डोळे मिटले. मामानं हूं की चूं केलं नाही. मागं येऊन ओकला.

*

आता लग्नाच्या पंधरा दिवस आधीचं.

व्याही धान घेऊन तुमसरच्या बाजारात आला होता. तिथून सरळ मामाच्या घरी. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "इवाईबुवा, लपवू नका. बाजारात मले समजलं सगळं."

मामाला वाटलं, संपलं. मेडिकलवाला बोलला.

व्याही जवळ सरकून हळूच म्हणाला, "गरमी ना?"

दिल्या, आयुष्यात गरमी ऐकून कोणाला गार वाटलं असेल तर मामाला! त्यानं मान हलवली. हो म्हणाला.

"अवं, होते जवानीत. मर्दाची बिमारी हाये. आमच्या भावालेबी होती, बरा झाला. मी म्हनलो, कॅन्सर-बिन्सर असन तं पोरगी नाई करत. कॅन्सर रक्तात उतरते म्हनतेत." आणि मामाच्या पाठीवर थाप मारली, जिथं दुखतं तिथंच.

बघ बे, ज्या माणसानं तीस वर्षांत मामीशिवाय कोणाकडं मान वर करून पाहिलं नाही, त्यानं बसल्या जागी बाहेरख्याली असल्याचं कबूल केलं, आणि व्याह्याला तो आधीपेक्षा जास्त आवडला.

मामी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. चहा ठेवला आणि आत गेली. व्याही गेल्यावर मामा मागोमाग गेला, काहीतरी सांगायला. मामी भाजी चिरत होती. "समजलं मले," एवढंच म्हणाली. तुम्ही हो कायले म्हनले, असंही विचारलं नाही.

*

आणि काल.

मांडव दारात. पाहुणे आलेले, भटजी घाई करून राहिले, मुहूर्ताला दहा-पंधरा मिनिटं. मला कोणीतरी मधल्या खोलीत बोलावलं, अक्षतांचं ताट घ्यायला. आत गेलो तर पंधरा-वीस बाया. मध्ये पोराची आई उभी, समोर मामी.

पोराची आई म्हणाली, "मले तुमच्याच गल्लीतल्या बाईनं आत्ता सांगतलं. ह्या घरी नागपूरहून दूध आटवाच्या गोळ्या येतेत. दोन वर्षांपासून. ईनबाई, कोन खाते त्या?"

तिनं सुमनचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सुमन बाजूच्याच खोलीत होती, डोक्याला बाशिंग बांधलेली, आणि मधलं दार सताड उघडं.

मला वाटलं, मामी पडते आता. पडली नाही. पदर खोचला आणि असं बोलली की मांडवातल्या माणसांना ऐकू जावं.

"माहे मालक खातेत."

एक-दोघी हसल्या. पोराची आई म्हणाली, "दूध आटवाच्या?"

"कोन म्हनते दूध आटवाच्या? गरमीच्या हायेत. माह्या मालकाले गरमी हाये. बाहेर जात होते ते, नवी-नवी लग्न होऊन आली तवापासून. मी भोगलं. मलेबी दिली त्याइनं. आता म्हातारपनी गोळ्या खातेत. पोरीच्या लग्नात कोनी सांगते का हे? तुम्ही विचारलं म्हनून सांगतलं. हाये अजून काई विचाराचं?"

मी मागं वळून पाहिलं. मामा दाराच्या चौकटीत उभा होता, खाकी कोट काढून लग्नाचा काळा कोट घातलेला, वरपर्यंत बटणं लावलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या मागं व्याही, त्याच्या मागं मिलचा सोमा, अजून कोण-कोण. मामाचा चेहरा लाल लाल होत चाललेला, घाम हनुवटीवरून कॉलरवर टपकून राहिलेला. वाफ आली होती का दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

पोराच्या आईनं मामीकडं बघितलं, मामाकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. "भाऊ, गोळ्या तुमी आनता म्हनतेत. नागपूरचे आहा, शिकले-सवरलेले आहा. तुमी सांगा. हे खरं हाये का?"

सगळे माझ्याकडं. मामी पापणी न हलवता माझ्याकडं. सुमन उठून दारापर्यंत आली होती, तीही. फक्त मामा खाली बघत होता, आपल्या सुजलेल्या पायांकडं. बाहेरून भटजीनं परत हाक मारली.

तू सांग, दिल्या. तू असता तिथं, अक्षतांचं ताट हातात घेऊन, तर तू काय म्हटलं असतं?